पडद्यावरचा रस्ता: एका शब्दसूचीचा इतिहास

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझ्याकडे विजेवर चालणाऱ्या एका मोटारीचं माहितीपुस्तक मराठीत करण्यासाठी आलं. कादंबऱ्यांच्या भाषांतरावर माझं घर चालत नाही. ते चालतं औषधांच्या खोक्यांत घडी घालून ठेवलेल्या कागदांवर, विम्याच्या अटींवर आणि अशा माहितीपुस्तकांवर. काम एका भाषांतरसंस्थेमार्फत आलेलं, शब्दाला दर ठरलेला, मुदत अठरा दिवसांची. चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांवर त्यात एक प्रकरण होतं आणि त्या प्रकरणात गाडीतल्या पडद्याचं चित्र. खालच्या बाजूला मधोमध आपली गाडी, मागून आणि जरा वरून पाहिलेली. दोन्ही अंगांना लेनच्या रेषा. आजूबाजूला राखाडी रंगाची रहदारी. त्याखाली कोणत्या आकृतीचा अर्थ काय, याचा तक्ता: मोटार, ट्रक, बस, दुचाकी, पादचारी. एवढ्या पाच ओळींवर तक्ता संपत होता.

मी हैदराबादला राहते. तक्ता पाहून माझ्या मनात आलेला प्रश्न इथल्या कुणाच्याही मनात आला असता: रिक्षा कुठे आहे? संस्थेच्या समन्वयकाला मी तसं कळवलं. रिक्षा पडद्यावर कशी दिसते हे मराठी वाचक सगळ्यांत आधी शोधेल, असंही लिहिलं. उत्तर आलं, "ताई, सोर्समध्ये नाही ते टार्गेटमध्ये नको." नियम म्हणून हे बरोबरच आहे. नवख्या भाषांतरकारांना मी स्वतः हेच सांगत आले आहे. काम वेळेत दिलं, पैसेही आले. तो तक्ता मात्र डोक्यातून जाईना. मग सवडीनं मी त्या पडद्याचा माग काढायला लागले. मी अभियंता नाही. जादवपूरला तुलनात्मक साहित्य शिकलेली बाई मोटारीच्या पडद्यात जे पाहील तेच मी पाहिलं: एक मूळ संहिता, तिचं एक भाषांतर आणि या दोहोंच्या मधे बसलेली एक शब्दसूची.

भोवतालची वाहनं डोळ्यांऐवजी पडद्यावर पाहायची, ही गरज आधी समुद्रावर आणि आकाशात निर्माण झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारला गोल पडदा मिळाला. मधोमध आपण, आपल्याभोवती फिरणारी प्रकाशाची रेघ, आणि जिथून प्रतिध्वनी परत येईल तिथे उमटणारा ठिपका. ठिपक्याला नाव नसतं. ते जहाज असेल, खडक असेल, पक्ष्यांचा थवाही असेल. त्याचा अर्थ लावणं हे पडद्यासमोर बसलेल्या माणसाचं काम होतं आणि ते त्याला महिनोन् महिने शिकावं लागे. यंत्र मूळ संहिता पुरवत होतं, भाषांतर माणूस करत होता.

पुढे विमानांत यातलं थोडं काम यंत्राकडे गेलं. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी कॅलिफोर्नियातल्या सेरिटोस या गावावर एरोमेक्सिकोचं प्रवासी विमान आणि एक लहान खासगी विमान एकमेकांवर आदळलं. विमानांतले आणि खाली घरांतले मिळून ८२ जण गेले. त्यानंतर अमेरिकेच्या संसदेनं मोठ्या प्रवासी विमानांवर टक्कर टाळणारी एक यंत्रणा सक्तीची केली. वैमानिक तिला 'टीकॅस' म्हणतात. तिच्या पडद्यावर इतर विमानांसाठी चारच चिन्हं असतात. पोकळ हिरा म्हणजे दुसरं विमान आहे, पण लांब. भरीव हिरा म्हणजे ते जवळ आलं आहे. पिवळं वर्तुळ म्हणजे लक्ष द्या. लाल चौकोन म्हणजे आत्ता चढा किंवा उतरा. चिन्हाशेजारी दोन आकडे असतात, ते विमान आपल्यापेक्षा किती शेकडा फूट वर किंवा खाली आहे ते सांगणारे. चढत-उतरत असेल तर एक बाण. समोर जंबो जेट असो की दहा आसनांचं विमान, चिन्ह तेच. 'तू कोण' असं हा पडदा विचारतच नाही. 'तू माझ्यापासून कुठे' एवढंच विचारतो. व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर इथे नामं नाहीत, नुसते विभक्तिप्रत्यय आहेत.

भारतात ही यंत्रणा सक्तीची झाली ती चरखी दादरीनंतर. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेलं सौदी विमान चढत होतं, कझाकस्तानचं विमान दिल्लीकडे उतरत होतं. सौदी विमानाला १४,००० फुटांची मर्यादा दिलेली, कझाक विमानाला १५,००० ची. कझाक विमान आपल्या मर्यादेखाली गेलं. ३४९ माणसं मेली. न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या, आणि भाषांतर करणाऱ्या कुणालाही त्या विसरता येणार नाहीत. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारला विमान कुठे आहे ते दिसत असे, किती उंचीवर आहे ते दिसत नसे. आणि कझाक विमानात नियंत्रण कक्षाशी इंग्रजीत बोलण्याचं काम रेडिओ ऑपरेटरकडे होतं; वैमानिकांची भिस्त त्याच्यावर. समोरून सौदी विमान येतंय, हे नियंत्रकानं कझाक चमूला सांगितलेलं होतं. सांगितलं गेलं, पण पोचलं नाही. कानावर आणि दुभाष्यावर विसंबता येत नाही, म्हणून भारतात त्या चार चिन्हांची सक्ती झाली.

मोटारीतल्या पडद्याची वंशावळ याहून वेगळी, आणि जास्त हौशी आहे. १९८१ साली होंडानं जपानमध्ये एक दिशादर्शक काढला. त्यात छोट्या पडद्यापुढे पारदर्शक कागदावर छापलेला नकाशा सरकवायचा आणि आपली जागा स्वतःच जुळवून घ्यायची. चार वर्षांनी, १९८५ मध्ये, कॅलिफोर्नियात 'ईटॅक' नावाचा नॅव्हिगेटर विक्रीला आला. त्याचे नकाशे कॅसेटवर असत. हिरवट पडद्यावर मधोमध एक त्रिकोण म्हणजे तुमची गाडी. गाडी वळली की त्रिकोण जागचा हलायचा नाही, त्याच्याभोवती सगळं शहर वळायचं. कंपनीचं नाव उगीच ठेवलेलं नव्हतं. तिचा संस्थापक स्टॅन हनी हा शिडाच्या होड्यांचा नाविक, आणि 'एताक' हा प्रशांत महासागरातल्या कॅरोलाइन बेटांवरच्या नावाड्यांचा शब्द आहे. त्यांच्या हिशेबात होडी चालत नाही. होडी आणि तिच्यावरचे तारे स्थिर असतात. सरकतात ती बेटं. एक संदर्भाचं बेट क्षितिजावरच्या एका ताऱ्याखालून दुसऱ्या ताऱ्याखाली मागे गेलं, की प्रवासाचा एक टप्पा झाला. आज विजेच्या प्रत्येक मोटारीच्या पडद्यावर गाडी जागच्या जागी असते आणि जग तिच्याखालून मागे वाहतं. त्या होडीला कुणी श्रेय देताना मी अजून पाहिलेलं नाही.

ईटॅकच्या पडद्यावर रस्ते होते, आपण होतो. दुसरं कुणीच नव्हतं. शहर रिकामं.

आपलीच गाडी मागून पाहण्याची ही दृष्टी आली कुठून, याचाही मी थोडा शोध घेतला. १९८२ चा 'पोल पोझिशन' हा व्हिडिओ गेम मला सापडलेला ठळक पूर्वज. त्यात खेळणारा आपल्या शर्यतीच्या गाडीच्या मागे, जरा वर तरंगत असतो. २००७ मध्ये निसाननं चार कॅमेऱ्यांची दृश्यं जोडून गाडी वरून पाहिल्यासारखी दाखवली. असा कॅमेरा वर कुठेही नसतो आणि चित्राच्या मधली गाडी तर खरी नसतेच. कुठल्याच कॅमेऱ्याला ती दिसत नाही, म्हणून तिचं तयार चित्र तिथे चिकटवलेलं असतं. काचेतून रस्ता प्रथमपुरुषात दिसतो आणि पडद्यावर तृतीयपुरुषात. एकाच वेळी दोन निवेदक. कादंबरीत हे जमवायला लेखकाला किती कसरत करावी लागते!

इतर वाहनं मोटारीच्या पडद्यावर आली ती नव्वदच्या दशकात, आणि आली ती एकेकटी. पुढच्या गाडीशी अंतर राखून वेग कमी-जास्त करणारी यंत्रणा मित्सुबिशीनं १९९५ मध्ये आणली, दशकाच्या अखेरीस मर्सिडीज-बेन्झनं रडारवर चालणारी. चालकापुढच्या छोट्या पडद्यावर एका मोटारीची आकृती उमटायची, तिच्यामागे अंतराच्या आडव्या पट्ट्या. रडारला ट्रक लागो की मोटारसायकल, आकृती मोटारीचीच. तिचा अर्थ 'मोटार' असा नव्हता. 'तुझ्यापुढे काहीतरी चाललंय' असा होता. 'चाललंय' हे मी मुद्दाम म्हणते, कारण जे उभं आहे त्याचा प्रतिध्वनी या सुरुवातीच्या यंत्रणा बहुधा सोडून देत. तसं केलं नसतं तर प्रत्येक पूल आणि पाटी पाहून गाडीनं ब्रेक मारला असता.

नामं आली कॅमेऱ्याबरोबर. जेरुसलेमच्या मोबिलआय कंपनीनं १९९९ पासून एका साध्या कॅमेऱ्यातून गाडी, लेन आणि माणूस ओळखण्याचा ध्यास घेतला. यंत्राला ओळखायला शिकवायचं तर आधी हजारो चित्रं लागतात, आणि प्रत्येक चित्रातल्या प्रत्येक वाहनाभोवती कुणीतरी माणसानं चौकट काढून तिच्यावर नाव लिहिलेलं लागतं. कंपन्यांच्या सूच्या बाहेर दिसत नाहीत. विद्यापीठांच्या दिसतात. त्यांतली एक फार गाजलेली, कार्ल्सरूहची, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली. जर्मनीतल्या त्या शहरात आणि आसपास एक फोक्सवागन फिरवली, तिच्या टपावर कॅमेरे आणि फिरता लेसर. जे दिसलं त्याला आठ नावं दिली: मोटार, व्हॅन, ट्रक, पादचारी, बसलेला माणूस, सायकलस्वार, ट्राम आणि किरकोळ. 'किरकोळ'मध्ये काय, तर ट्रेलर आणि दोन चाकांवर उभं राहून चालवायची सेग्वे. याखेरीज आणखी एक शिक्का होता, 'डोन्ट केअर'. तो शब्द वाटतो तितका उद्धट नाही. इथे काहीतरी असेल, पण आम्ही त्याला नाव दिलेलं नाही, तेव्हा यंत्राचे गुण मोजताना हा भाग धरू नका, इतकाच त्याचा अर्थ.

ही सूची मी एखाद्या कोशाची प्रस्तावना वाचावी तशी पुन्हा पुन्हा वाचली. बसलेल्या माणसाला वेगळी नोंद आहे. कॅफेबाहेर खुर्च्या मांडणाऱ्या गावात ती लागणारच. ट्रामला आहे. बैलाला नाही, हातगाडीला नाही, तीन चाकांच्या कशालाही नाही. यात कुणाचा दुष्टावा नाही. कोशकार ज्या गावात बसतो त्या गावाची भाषा कोशात उतरते, मोल्सवर्थच्या काळापासून आपण हे जाणतोच. फरक इतकाच, की मोल्सवर्थच्या कोशात एखादा शब्द नसला तर वाचकाला ते लगेच कळतं.

ऑक्टोबर २०१५ मध्ये टेस्लानं मॉडेल एस गाड्यांत ऑटोपायलट सुरू केलं, मोबिलआयचीच चिप वापरून, आणि चालकापुढचा पडदा एकदम बोलका झाला. आपली गाडी, निळ्या लेन, पुढची आणि शेजारची वाहनं. पुढच्या आवृत्त्यांत ट्रक, मोटारसायकल, माणूस असे वेगळे आकार आले. २०१७ च्या मॉडेल ३ मध्ये तर चाकामागचे काटेच गेले; मधे एकच मोठा पडदा आणि त्याच्या एका भागात सतत चाललेलं हे नाटक. २०१८ पासून गाडीच्या चहूबाजूंची वाहनं, पुढे रस्त्यावरचे केशरी शंकू, सिग्नल, कचऱ्याचे डबेदेखील आले. हे सगळं विजेच्या गाड्यांतच इतकं का फोफावलं? माझा तर्क असा, की त्यांच्यापाशी दाखवण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. इंजिनाचे फेरे नाहीत, तेलाचा दाब नाही, गिअर नाहीत. जागा रिकामी झाली आणि तिथे यंत्राचं मन येऊन बसलं.

मन हा शब्द मी विचार करून वापरते आहे. रस्ता दाखवणं हे त्या पडद्याचं काम नाहीच. रस्ता काचेतून दिसतोच. यंत्राला रस्ता कसा समजला, हे तो दाखवतो. काच ही मूळ संहिता आणि पडदा हे भाषांतर, दोन्ही समोरासमोर छापलेली. अशी द्विभाषी आवृत्ती वाचकानं दोन्ही पानं ताडून पाहावीत म्हणून काढलेली असते. प्रत्यक्षात वाचक काय करतो ते आपल्या या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. जे पान सोपं जातं त्यावर नजर स्थिरावते. आणि पडद्याचं पान फारच सोपं आहे. धूळ नाही, ऊन नाही, खड्डा नाही, कुणाच्या चेहऱ्यावर राग नाही.

चालकच नसलेल्या गाड्यांत तर मूळ पान वाचण्याची गरजही उरत नाही. फिनिक्स शहरात वेमोनं डिसेंबर २०१८ मध्ये टॅक्सीसेवा सुरू केली. तिच्या गाड्यांत मागे बसलेल्या प्रवाशासाठी असाच पडदा असतो. लेसरच्या ठिपक्यांनी रेखलेला रस्ता, मोटारींचे ठोकळे, रस्ता ओलांडणारी माणसं. प्रवाशाच्या हाती चाक नाही, ब्रेक नाही. त्याला काही करायला सांगण्यासाठी हा पडदा नाही. आम्हाला तो माणूस दिसलाय, काळजी करू नका, असा धीर देण्यासाठी आहे. तळटीप होती, तिचं सांत्वन झालं.

भाषांतर चुकतं तेव्हा ते कसं चुकतं, याचे नमुने या गाड्यांच्या मालकांनीच जगापुढे ठेवले. उगवता पिवळा चंद्र पिवळा सिग्नल म्हणून वाचला गेला. सिग्नलचे खांब वाहून नेणाऱ्या ट्रकमागून जाताना पडद्यावर सिग्नलमागून सिग्नल उगवत राहिले. रिकाम्या दफनभूमीत पडद्यावर माणूस चालताना दिसला आणि लोकांनी भुताच्या गोष्टी रचल्या. मला सर्वांत आवडतो तो घोडागाडीचा प्रसंग, २०२२ चा. पुढे घोड्यांची बग्गी चालली होती. पडद्यावर ती ट्रक झाली, मग मोटार, मग मागेपुढे तोंड फिरवणारा कंटेनर, मधेच एक पायी चालणारा माणूस. यातला विनोद शब्दांच्या इतिहासात आहे. 'डॅशबोर्ड' हा शब्दच मुळी घोडागाडीतला. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी, तो डॅशबोर्ड. फळीला आपलं मूळ घर ओळखता आलं नाही. (मुंबईतल्या घोड्यांच्या व्हिक्टोरियांवर न्यायालयानं २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०२१ मध्ये त्याच घाटाच्या विजेच्या बग्ग्या आल्या. बिनघोड्यांची ही बग्गी पाहून यंत्र काय म्हणेल, याची मला फार उत्सुकता आहे.)

हसू थांबतं ते पुढच्या दोन प्रसंगांपाशी. ७ मे २०१६ रोजी फ्लोरिडात ऑटोपायलटवर चाललेली टेस्ला एका लांब ट्रेलरखाली घुसली आणि तिचा चालक गेला. ट्रेलर महामार्ग आडवा ओलांडत होता. उजळ आकाशावर त्याची पांढरी बाजू चालकालाही दिसली नाही, यंत्रालाही नाही, असं कंपनीनं म्हटलं. मोबिलआयनं आणखी एक गोष्ट सांगितली: आपली त्या काळची यंत्रणा पुढच्या वाहनाला मागून धडकणं टाळण्यासाठी घडवलेली होती, आडव्या जाणाऱ्या वाहनासाठी नव्हे. म्हणजे 'ट्रक' हा शब्द सूचीत होता. पण ट्रक म्हणजे ट्रकची पाठ.

दुसरा प्रसंग अ‍ॅरिझोनातल्या टेम्पी गावचा, १८ मार्च २०१८ च्या रात्रीचा. गाडी उबरची, चाचणीवर असलेली व्होल्व्हो. ४९ वर्षांची एक स्त्री सायकल हातात धरून, पायी, झेब्रा पट्टे नसलेल्या जागी रस्ता ओलांडत होती. गाडीला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण तिला म्हणायचं काय, हे ठरेना. आधी 'वाहन' म्हटलं, मग 'इतर', पुन्हा 'वाहन', पुन्हा 'इतर', मग 'सायकल'. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा मंडळानं पुढच्या वर्षी जी कारणमीमांसा केली, तीत मला हादरवणारी गोष्ट अशी: दर वेळी नाव बदललं की त्या वस्तूचा आधीचा माग हिशेबातून जाई. ती आत्तापर्यंत कुठून कुठे सरकत आली, हे यंत्र नव्यानं विचारात घेऊ लागे. पट्टे नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यता तर रचनेत धरलेलीच नव्हती. गाडीत बसलेली देखरेख करणारी व्यक्ती त्या वेळी फोनकडे पाहत होती. ती बाई रस्ताभर एकाच चालीनं चालत होती. क्रियापद एकच होतं. नाम ठरेना म्हणून वाक्य पाच वेळा पहिल्यापासून सुरू झालं.

टीकॅसचा पडदा मला इथे पुन्हा आठवतो. चार चिन्हं, नाम एकही नाही. आकाशात हे परवडतं, कारण तिथे प्रत्येक विमान आपली उंची स्वतः कळवत असतं. रस्त्यावर बाई कळवत नाही, शेळीही नाही. तेव्हा ओळखणं भाग आहे, हे मला मान्य. ओळखण्याआधी थांबणं भाग नाही का, एवढंच मला विचारावंसं वाटतं.

भारतीय रस्त्याची सूची करण्याचं काम माझ्या घरापासून काही किलोमीटरवर झालं होतं आणि मला पत्ता नव्हता. गच्चीबावलीच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी इंटेलच्या साथीनं २०१८ मध्ये एक चित्रसंग्रह खुला केला. हैदराबाद, बंगळुरू आणि त्यांच्या आसपासच्या रस्त्यांवर गाडी फिरवून घेतलेली १०,००० चित्रं, १८२ फेऱ्या, ३४ नावं. त्यात ऑटोरिक्षाला स्वतंत्र नोंद आहे. 'प्राणी' आहे. जाहिरातींचा फलकही आहे, कारण आपल्याकडे तो पादचाऱ्याहून मोठा चेहरा घेऊन उभा असतो. युरोपातल्या पन्नास शहरांवरून २०१६ मध्ये केलेल्या सूचीच्या पायावर ही रचलेली असल्यानं 'कॅराव्हॅन'ही शिल्लक राहिली आहे; सहलीला मागे ओढून न्यायचं ते घर हैदराबादेत मी एकदाही पाहिलेलं नाही. शब्दसूच्या अशाच वारशानं मिळतात, आजीच्या ट्रंकेतल्या लोकरी मफलरासारख्या.

पण त्या सूचीतला खरा शोध म्हणजे 'फॉलबॅक' हा शेपटीचा शब्द. 'व्हेइकल फॉलबॅक': वाहन आहे खरं, पण दिलेल्या नावांत बसत नाही. 'ड्रायव्हेबल फॉलबॅक': हा रस्ता नव्हे, पण यावरून गाडी जाऊ शकते. डांबर संपल्यावरची ती मातीची कड, जिच्यावरून आपल्याकडे निम्मी रहदारी चालते, तिला पहिल्यांदाच कुणी नाव दिलं होतं. मराठीत याला काय म्हणावं यावर मी दोन संध्याकाळी घालवल्या. 'किरकोळ' नको, त्यात तुच्छता आहे. 'फुटकळ' फक्त कवितांना शोभतं. मराठीतला 'गाडी' हा शब्द मात्र मला त्या वेळी नव्यानं भेटला. बैलगाडी, हातगाडी, आगगाडी, मोटारगाडी; चाकं असली की झालं. आधी गाडी, मग कोणती ते. फॉलबॅकची सोय आपल्या शब्दातच होती.

उद्योगही याच दिशेनं वळताना दिसतो. २०२२ मध्ये टेस्लानं आपली नवी पद्धत जाहीरपणे समजावून सांगितली: भोवतालच्या अवकाशाचे लहान लहान घन पाडायचे आणि प्रत्येक घन रिकामा की भरलेला, एवढंच आधी ठरवायचं. नाव मागाहून. २०२३ च्या अखेरीस ते काही गाड्यांच्या पडद्यावरही आलं, गाडी लावताना. भिंत, खांब, शेजारची गाडी, सगळं एकाच राखाडी मेणाचं ओतल्यासारखं दिसतं. काही मालकांना ते ओबडधोबड वाटलं. मला त्यात जुन्या रडारचा ठिपका दिसला, जरा जाड झालेला.

गेल्या डिसेंबरात एका मैत्रिणीच्या विजेच्या मोटारीतून आम्ही शामीरपेटकडे चाललो होतो. कंपनी कोणती ते सांगण्याचं कारण नाही. पडदा त्याच घराण्यातला. शहरातून निघेपर्यंत मी काचेतून पाहिलंच नाही. पुढची रिक्षा (इथे 'ऑटो') पडद्यावर आधी मोटार होती, सिग्नलला थांबल्यावर जागच्या जागी थरथरू लागली, निघताना ट्रक झाली. भाताच्या पेंढ्याचा ट्रॅक्टर दिसेचना, मग एकदम बस झाला. मैत्रिणीला आणि मला हसू आवरत नव्हतं. शहर सुटल्यावर डाव्या बाजूनं मेंढरांचा कळप रस्त्यावर आला, खांद्यावर घोंगडी टाकलेला एक म्हातारा त्यांच्यामागे. पडद्यावर लेनच्या दोन रेषा होत्या आणि आमची गाडी. रस्ता मोकळा. मैत्रिणीनं ब्रेक मारला, कारण तिची नजर काचेतून होती. माझी पडद्यावर होती. मी पुढे फेकले गेले तेव्हा मला कळलं की काहीतरी आहे. म्हातारा थांबला नाही, आमच्याकडे पाहिलंही नाही. पंचवीस-तीस मेंढरं काचेसमोरून गेली. शेवटी म्हातारा काचेच्या मधोमध आला, तेव्हा पडद्यावर एक पादचारी उमटला, एकटाच, रिकाम्या रस्त्यात.

यंदा जूनमध्ये त्याच माहितीपुस्तकाची सुधारित आवृत्ती माझ्याकडे आली. तक्त्यात सहावी ओळ आहे. आकृती म्हणजे एक राखाडी ठोकळा, कडा गोलसर. रिक्षा अजून नाही. ठोकळ्याचा अर्थ इंग्रजीत दोन शब्दांत दिलाय. त्याचं सरळ मराठी 'इतर वस्तू' असं होईल. मी लिहिलं: 'समोर काहीतरी आहे'. तपासणीतून ते दुरुस्त होऊन आलं, 'अज्ञात वस्तू'. शेरा: संज्ञा हवी, वाक्य नको. शेरा चूक नाही, बाकीच्या पाचही ओळींत संज्ञाच आहेत. तरी मी तो स्वीकारलेला नाही. उलट एक प्रश्न पाठवला आहे, की माणूस किंवा जनावर ठोकळ्याच्या रूपात दिसू शकत असेल, तर मराठीत त्याला 'वस्तू' म्हणता येईल का, आणि कंपनीला तसं चालेल का. समन्वयक म्हणाला, "विचारून सांगतो, ताई." मजकूर सोमवारी द्यायचा आहे. ती ओळ मी सध्या पिवळी करून ठेवली आहे.